शोध आणि वजाबाकी

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला हळदीचं एक संशोधन केंद्र आहे. त्याचं सरकारी नाव 'मा. बाळासाहेब ठाकरे हरिद्रा (हळद) संशोधन व प्रशिक्षण केंद्र'. नाव ठेवणाऱ्यांनी आधी 'हरिद्रा' लिहिलं आणि मग लोकांना कळणार नाही म्हणून असेल, कंसात 'हळद' घातली. शब्द एकच आहे. संस्कृत 'हरिद्रा' प्राकृतात 'हलिद्दा', 'हलद्दा' झाली आणि मराठीत येऊन 'हळद' म्हणून स्थिरावली. मुळातला 'हरि' रंगवाचक, पिवळा आणि हिरवा यांच्या मधला. शेतकऱ्यांनी, अडत्यांनी आणि लग्नघरातल्या बायकांनी घासून सुटसुटीत केलेला हा शब्द सरकारदरबारी पुन्हा मूळपदावर गेला. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नावात 'हळद'च राहिली हे बरं झालं.

पण पाटीवरचा खरा गमतीचा शब्द वेगळाच आहे आणि त्याला कंस नाही. तो शब्द 'संशोधन'. लखनौचा किंवा भोपाळचा एखादा हिंदी भाषक ही पाटी वाचेल तर बुचकळ्यात पडेल. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. आपण जिला घटनादुरुस्ती म्हणतो ती त्यांच्याकडे 'संविधान संशोधन'. तेव्हा वसमतला हळदीची दुरुस्ती करून मिळते असा त्याचा समज होणार. बंगालीतही 'संशोधन' म्हणजे चूक सुधारणं. उलट गुजराती आणि कन्नड आपल्या बाजूची. तिथे संशोधन म्हणजे संशोधनच. तेलुगूत 'परिशोधन' म्हणतात. एका शब्दाच्या अर्थावरून देशाचे असे दोन भाग पडतात, आणि फाळणीची रेषा कुठून जाते म्हणाल तर विंध्य-सातपुड्याच्या आसपासूनच.

धातू 'शुध्'. शुद्ध होणं, स्वच्छ होणं. त्यावरून झालेल्या 'शोधन' या शब्दानं संस्कृतात जेवढी कामं केली तेवढी क्वचितच एखाद्या शब्दाला करावी लागली असतील. जखम धुणं म्हणजे शोधन. पारा औषधात वापरण्याआधी त्याचे दोष काढणं म्हणजे शोधन. वैद्य मंडळी आजही हा शब्द याच अर्थानं वापरतात. कर्ज फेडणं हेही शोधन. म्हणून तर २०१६ सालचा नादारी आणि दिवाळखोरीचा कायदा हिंदीत 'दिवाला और शोधन अक्षमता संहिता' झाला. मराठी माणसाला यात संशोधन न जमणाऱ्या प्राध्यापकांसाठी केलेला कायदा दिसला तर त्याला हसू नये.

मला सगळ्यांत आवडणारा अर्थ गणितातला. भारतीय गणितग्रंथांत 'शोधन' म्हणजे वजाबाकी. समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून सारखंच काहीतरी काढून टाकायचं, की त्याला 'समशोधन' म्हणायचं. बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितात हा शब्द आहे. नकोसं वजा करत गेलं की शेवटी अव्यक्त राशी एकटी उरते आणि तिची किंमत कळते. शोधायचं म्हणजे वजा करायचं, ही कल्पना आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या हिशेबात इतक्या सरळपणे बसलेली आहे. इंग्रजी 'रिसर्च'ची कुळकथा वेगळी. तो शब्द फ्रेंचमधून लॅटिन 'सिर्कारे'पर्यंत जातो. त्याचा अर्थ गोल गोल फिरणं. 'सर्कस' आणि 'सर्कल' याच कुळातली. इंग्रज शोधायला निघाला की प्रदक्षिणा घालतो, आपण धुवायला बसतो. आणि १९४८पर्यंत हिंगोली ज्या निजामाच्या राज्यात होती, तिथल्या उर्दू शिकलेल्या पिढीसाठी या कामाचा शब्द होता 'तहकीक'. त्याचा धातू 'हक्क'चा, म्हणजे सत्याचा, खरं ठरवण्याचा. जुन्या मराठी कागदपत्रांत 'तहकीक' भेटतो, पुढे तो सरकारी चौकशीपुरता उरला आणि मग 'तपास' या शब्दानं तीही जागा घेतली.

मराठीत 'शोध' आणि 'संशोधन' यांनी कामं वाटून घेतली आहेत. हरवलेल्या बैलाचा शोध असतो, अमेरिकेचाही शोध असतो. एकात वस्तू अजून मिळालेली नाही, दुसऱ्यात मिळून चुकली आहे. नाम तेच, काय झालं ते क्रियापद सांगतं. शोध घेतात तेव्हा हात रिकामे असतात, शोध लागतो तेव्हा भरलेले. 'लावला' म्हटलं की श्रेय माणसाला, 'लागला' म्हटलं की थोडं दैवालाही. 'संशोधन' मात्र लागत नाही, करावंच लागतं. त्यात कष्ट गृहीत आहेत.

हिंदी-बंगालीचा 'दुरुस्ती' हा अर्थ सोडून आपण 'नवं ज्ञान मिळवणं' या अर्थावर कसे आलो? माझा कयास असा की ही वाट पोथ्यांमधून गेली. निर्णयसागरसारख्या छापखान्यांतून निघालेल्या संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठावर अमुक पंडितानं 'संशोधितम्' असं छापलेलं असे. म्हणजे त्यानं चार हस्तलिखितं समोर ठेवली, लेखनिकांच्या चुका काढल्या आणि पाठ शुद्ध केला. हे काम करता करताच माणसं इतिहासाकडे वळली. १९१० साली वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभं राहिलं आणि तिथे पुढे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. जुना कागद साफ करणारा माणूस 'संशोधक' झाला, मग प्रयोगशाळेत नळी धरणाराही त्याच नावानं ओळखला जाऊ लागला.

ग्रंथ शुद्ध करण्याची परंपरा तर छापखान्याच्या फार आधीची, आणि तिचा सर्वांत मोठा पुरुष आमच्या मराठवाड्यातलाच. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तोपर्यंत ग्रंथाला तीनशे वर्षं होत आली होती आणि नकला करणाऱ्यांनी पदरचं बरंच घातलं होतं. आख्यायिका अशी की ज्ञानदेव स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागते आहे, ती काढ. एकनाथ आळंदीला गेले, मुळी काढली आणि मग पोथीला हात घातला. पाठचिकित्सेची इतकी नेमकी गोष्ट दुसरी सांगता यायची नाही. झाड तर पवित्रच, मुळीही त्याचीच, तरी गळ्याशी आली की काढायची. काम झाल्यावर नाथांनी इशाराही देऊन ठेवला: यात कुणी स्वतःची ओवी घुसडली तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखं होईल.

नाथांनी नेमकं काय काढलं, हे मात्र आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी आपली प्रत ठेवली. काढलेल्या ओव्यांची यादी ठेवली नाही, आणि त्या काळी कुणी ती मागितलीही नसती. सव्वातीनशे वर्षांनी राजवाड्यांना नेमकी तीच मागावीशी वाटली. बीडजवळ पाटांगणला त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी सापडली. ती एकनाथांच्या आधीची आहे असं त्यांचं ठाम मत, आणि मत ठाम नसलेले राजवाडे कुणी पाहिले नाहीत. १९०९ साली त्यांनी ती छापली, त्याच साली तिच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. पुढच्या अभ्यासकांनी त्या पोथीच्या प्राचीनतेवर शंका घेतल्या. माझ्यापुरता मुद्दा तेवढा महत्त्वाचा नाही. एका संशोधकानं धुऊन टाकलेलं दुसरा संशोधक शोधत बसला होता, आणि दोघांच्या कामाला मराठीत शब्द एकच.

आता वसमतच्याच हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाजवळ चला. इथे 'लायगो-इंडिया' होते आहे. मराठी वर्तमानपत्रं 'लायगो' आणि 'लिगो' दोन्ही छापतात. लेसर इंटरफेरोमीटर ग्रॅव्हिटेशनल-वेव्ह ऑब्झर्व्हेटरी या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं. इंटरफेरोमीटरला परिभाषेत 'व्यतिकरणमापक' आहे. तो शब्द निर्दोष आहे आणि तोंडात बसत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळानं या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली १७ फेब्रुवारी २०१६ला आणि पूर्ण मंजुरी ६ एप्रिल २०२३ला. खर्च २,६०० कोटी रुपये. ११ मे २०२३ला पायाभरणी झाली. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा मिळून हे काम करतात.

यंत्र काटकोनातलं. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी, टोकाला चाळीस किलोचे आरसे काचेच्या तंतूंनी टांगलेले. लेसरचा एक झोत दुभागून दोन्ही नळ्यांत सोडायचा, आरशांवरून परत आला की दोन्ही भाग जुळवून पाहायचे. अवकाशातून गुरुत्वीय लहर गेली तर एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी किंचित आखडते. किंचित म्हणजे किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. आइन्स्टाइननं १९१६ साली या लहरींचं भाकीत केलं आणि पहिली लहर हाती लागायला १४ सप्टेंबर २०१५ उजाडावा लागला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्डच्या यंत्रांनी त्याची जी नोंद टिपली ती जेमतेम एकपंचमांश सेकंदाची. लिव्हिंग्स्टनला ती आधी पोचली, हॅनफर्डला सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी नंतर.

'लहर' हा शब्द इथे फार चांगला बसला आहे. समुद्राची लाट, उष्णतेची लाट, निवडणुकीतली लाट; लाट म्हटली की काहीतरी अंगावर येतं. लहर तेवढी दांडगी नाही. ती लहरी माणसाच्या डोक्यात येते आणि जाते. सापाचं विष चढलेल्याला ज्या थांबून थांबून येतात त्यांनाही आपण लहरीच म्हणत आलो. नागनाथाच्या गावाला हा शब्द नवा नाही. शाळेच्या पुस्तकात ध्वनिलहरी आणि प्रकाशलहरी आधीपासून होत्याच, गुरुत्वीय लहरी त्यांच्या पंगतीला बसल्या. 'वेधशाळा' या शब्दाची मात्र पंचाईत झाली. 'व्यध्' म्हणजे भोसकणं, त्यावरून वेध. कान टोचणं हा कर्णवेध, विधिमंडळात मंत्र्याला टोचते ती लक्षवेधी सूचना, ग्रहणाआधी अन्न वर्ज्य करायला लावतात ते वेध, आणि तुळशीचं लग्न लागलं की उपवर पोरापोरींना लागतात तेही वेधच. पण मराठी माणसाच्या कानात 'वेधशाळा' म्हटलं की कुलाबा आणि पाऊस. सोयाबीन पेरून आभाळाकडे बघत बसलेल्या शेतकऱ्याला औंढ्यात वेधशाळा होते आहे असं सांगितलं, तर तो पहिला प्रश्न काय विचारील ते सांगायला नको.

तर, त्या एकपंचमांश सेकंदाचं संशोधन म्हणजे वजाबाकी. यंत्राला सगळंच ऐकू येतं. लिव्हिंग्स्टनजवळून मालगाडी जाते, जंगलात झाडं तोडतात, किनाऱ्यावर समुद्र आपटतो, आणि तेवढ्यानं आरसे थरथरतात. हॅनफर्डला २०१७च्या उन्हाळ्यात मधूनच एक विचित्र टकटक नोंदली जाऊ लागली. माग काढत गेल्यावर थंड द्रवाच्या नळीवर जमलेलं बर्फ आणि त्यावर चोचीच्या खुणा सापडल्या. तहानलेले डोमकावळे बर्फ टोचून खात होते. आपल्या गोष्टीतल्या कावळ्यानं मडक्यात खडे टाकून पाणी वर आणलं. या डोमकावळ्यांच्या तहानेनं विश्वाच्या पार टोकाकडे लावलेला कान बिघडवला. नळीवर आवरण घालून तो प्रश्न मिटला. दुधाळ्याची निवड झाली ती याच हिशेबानं. समुद्र लांब, मोठे कारखाने नाहीत, जमीन शांत. मराठवाड्याच्या मागासलेपणाचा असा उपयोग होईल हे कुठल्या अनुशेष समितीच्या ध्यानात आलं नसेल.

बाहेरचा खडखडाट कमी केला तरी यंत्राची स्वतःची कुजबुज उरतेच. त्यातून लहर वेगळी काढायची कशी? या प्रश्नावर आयुकामधले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली महत्त्वाचं काम केलं. दोन जड तारे एकमेकांभोवती घिरट्या घालत जवळ येतात तेव्हा लहरीचा आकार कसा असेल हे सिद्धान्तावरून आधीच काढता येतं. असे नमुने तयार ठेवायचे आणि यंत्राच्या नोंदीवरून एकेक सरकवत न्यायचे. जिथे नमुना आणि नोंद जुळते तिथे थांबायचं. तेव्हा असलं यंत्र जगात कुठेच नव्हतं. २०१५च्या नोंदींवर असे सुमारे अडीच लाख नमुने लावून पाहिले गेले. नोंद झाली सप्टेंबरात, जाहीर झाली ११ फेब्रुवारी २०१६ला. मधले पाच महिने शंका वजा करण्यात गेले. कुणी मुद्दाम खोटी नोंद पेरली नाही ना, हेसुद्धा तपासून झालं.

घाई केली तर काय होतं याचं उदाहरण त्या नोंदीच्या दीडेक वर्ष आधीच घडलं होतं. दक्षिण ध्रुवावरच्या 'बायसेप-२' या दुर्बिणीच्या गटानं १७ मार्च २०१४ला जाहीर केलं की विश्वाच्या जन्मकाळच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडली. जगभर पहिल्या पानावर बातम्या आल्या, नोबेलच्या गप्पा सुरू झाल्या. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला 'प्लँक' उपग्रहाची मोजमापं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा कळलं, ती खूण आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची होती. अक्षरशः धुळीची! धुवायचं राहून गेलं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं याहून चांगला शब्दप्रयोग या प्रकारासाठी कुठल्याही भाषेत नसेल, आणि तो हळदीच्या जिल्ह्यात बसून लिहिताना आठवला नाही तर लिहिणाऱ्याचं चुकलं.

दुधाळ्याच्या शेजारी औंढ्याचं देऊळ आहे आणि त्या देवळात शब्दांचा एक योगायोग बसलेला आहे. नामदेवांना गुरू भेटले ते इथे, असं परंपरा सांगते. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हटकलं तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय जिथे ठेवावेत तिथे पिंड. या विसोबांचं आडनाव म्हणा, बिरूद म्हणा, 'खेचर'. 'ख' म्हणजे आकाश, खेचर म्हणजे आकाशात संचार करणारा. तोच 'ख' खगोलात, खग्रासात आणि खगात आहे. वैदिक भाषेत 'ख'चा जुना अर्थ भोक, छिद्र, पोकळी. तिथून तो आकाशावर गेला, मग गणितात शून्यावर. शून्यानं भागलेल्या राशीला भास्कराचार्य 'खहर' म्हणतात. पोकळी, आकाश आणि शून्यानं भागल्यावर होणारी फजिती हे तिन्ही अर्थ एका अक्षरात सामावलेले असताना आपण ब्लॅक होलला 'कृष्णविवर' म्हटलं. तेही वाईट नाही. 'विवर' आणि 'विवरण' एकाच 'वृ' धातूचे. झाकलेलं उघडणं हा दोन्हींचा अर्थ. जे आत काय आहे ते कधीच उघड करत नाही त्याला आपण 'उघडं' म्हणून मोकळे झालो, एवढंच.

आणि 'गुरुत्व'. गुरू म्हणजे जड. लॅटिन 'ग्राव्हिस' आणि संस्कृत 'गुरु' एकाच घराण्यातले, त्यामुळे ग्रॅव्हिटीचं भाषांतर 'गुरुत्व' केलं तेव्हा शब्द परक्या घरी गेला नाही. वैशेषिकांनी तर पृथ्वी आणि पाणी यांचा, वस्तू खाली पडायला कारण होणारा गुण म्हणून हा शब्द फार पूर्वीच वापरला होता. विसोबांचं गुरुत्व आणि दुधाळ्याचं गुरुत्व एका तालुक्यात यावं हा निव्वळ योगायोग. यावरून औंढ्याच्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं असं सांगणारे निघतील. त्यांना दुरून नमस्कार.

नामदेवांच्या बाबतीत मात्र शोधनाचा प्रश्न खराखुरा आणि अवघड आहे. हिंगोलीजवळ कयाधूकाठचं नर्सी हे त्यांचं जन्मगाव, साल १२७०, असं मानतात. पंढरपूरचा दावा सांगणारेही आहेत. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, म्हणून शीख यात्रेकरू नर्सीला येतात. महाराष्ट्र शासनानं १९७० साली नामदेव गाथा छापली. पण गाथेतलं नामदेवांचं किती? सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा वेगळा, शिवाय 'नामा म्हणे' अशी मुद्रा लावून रचणारे किती होऊन गेले त्याची गणती नाही. कीर्तनात कुणीही उठावं, नाम्याच्या नावानं अभंग करावा, आणि लोकांनी तो गावा. पारंपरिक संशोधनाची रीत सरळ होती: भाषा पाहा, पोथी पाहा, नंतरचा वाटतो तो अभंग काढा; उरेल तो अस्सल नामदेव. विनांद कलवर्त आणि मुकुंद लाठ यांनी १९८९ साली नामदेवांच्या हिंदी पदांची हस्तलिखितं ताडून पाहिली, तेव्हा पाठांमधले फरक निव्वळ लेखनिकाच्या चुकांनी समजावता येईनात. पदं गायकांच्या तोंडून वाढत आणि बदलत आली होती.

त्याच्याही पुढे जाऊन ख्रिश्चन ली नोव्हेत्स्के या अमेरिकी अभ्यासकानं २००८ साली 'रिलिजन अँड पब्लिक मेमरी' या पुस्तकात वेगळंच म्हणणं मांडलं. त्यांच्या मते हे अनेक नामदेव म्हणजे परंपरेत शिरलेला कचरा नव्हे. कीर्तनाच्या संस्कृतीत कवीचं नाव हे एका माणसाचं नसून सगळ्यांनी मिळून वापरायचं नाव होतं, आणि लोकांनी नामदेवाला कसं लक्षात ठेवलं हाच अभ्यासाचा विषय आहे. म्हणजे जो भाग वजा करायचा म्हणून आपण बाजूला काढत होतो तोच त्यांच्या लेखी राशी. मला हे पटतं, पण पूर्ण पटत नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातला एक शिंपी खरोखर काय म्हणाला हे जाणून घ्यायची इच्छा अजून जात नाही, आणि जावी असंही वाटत नाही. तरी एवढं खरं की एकदा हे पुस्तक वाचल्यावर 'प्रक्षिप्त' हा शब्द पूर्वीइतक्या बिनधास्तपणे लिहिता येत नाही. प्रक्षिप्त म्हणजे फेकलेलं, बाहेरून आत टाकलेलं. कीर्तनात बाहेर कुठे संपतं आणि आत कुठे सुरू होतं?

असाच प्रश्न दुधाळ्याच्या आसपासच्या जमिनीतही पडून आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात आणि आसपास गेली काही वर्षं जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज येतात. वर्तमानपत्रांनी त्यांना 'गूढ आवाज' असं कायमचं विशेषण लावून टाकलं आहे. २१ मार्च २०२४ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ला जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. १९९३चं किल्लारी ज्यांना आठवतं ते लोक अशा वेळी अंगणात येऊन उभे राहतात. भूगर्भशास्त्रज्ञाला हवी असलेली नोंद हीच. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्याला मात्र हा गोंगाट. मोठा भूकंप हजारो किलोमीटरवर झाला तरी या यंत्राचे आरसे जागचे हलतात आणि पुन्हा स्थिरावेपर्यंत निरीक्षण बंद पडतं. मग शोधन करताना ती थरथर वजा होणारच.

पण वजा करायची तर आधी मोजावी लागते. अमेरिकेतल्या लायगोच्या प्रत्येक केंद्रात मुख्य नोंदीशिवाय दोन लाखांहून जास्त साहाय्यक नोंदी चालू असतात: जमिनीची हालचाल, वारा, तापमान, विजेच्या तारांमधली गुणगुण, खोलीतले आवाज. डोमकावळे सापडले ते याच नोंदींचा माग काढत. नाथांनी न ठेवलेली यादी इथे ठेवली जाते. दुधाळ्याचं यंत्र सुरू झालं की हिंगोलीच्या जमिनीची बारीकसारीक थरथर रात्रंदिवस, वर्षानुवर्षं लिहिली जाईल, आणि ती लिहिण्याचं कारण एवढंच असेल की ती काढून टाकायची आहे. तो काढून टाकलेला भाग पांगरा शिंदेच्या लोकांना आणि नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्र शिकणाऱ्या पोरांना सहज पाहायला मिळावा, अशी मागणी आतापासूनच करून ठेवायला काय हरकत आहे? अर्ज मराठीत करावा. हिंदीत केला तर कुणीतरी जमिनीची दुरुस्ती मागतं आहे असं समजून तो भलत्याच खात्याकडे जायचा.